कुकडीच्या पात्रातले रांजण

सुट्टी लागली की अर्धं पुणं लोणावळ्याच्या घाटात अडकतं आणि उरलेलं अर्धं सिंहगडाच्या रस्त्यावर. माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना नगर रस्त्याला लावतो. शिरूरहून डावीकडे आत वळलं की टाकळी हाजी, आणि तिथून पुढे कुकडीचं पात्र. अलीकडचा काठ पुणे जिल्ह्याचा, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. दोन्ही काठांवर मळगंगादेवीचं ठाणं. ना गड चढायचा, ना दोर लावायचा. आजूबाजूला सपाट, रखरखीत माळ. त्यामुळे नदीच्या काठाशी येईपर्यंत पाहुण्यांचा चेहरा पडलेलाच असतो. मग एकदम पायाखालचा काळा कातळ चाळणी होऊन समोर येतो.

भूगोल उरकून घेतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. कुकडी जुन्नरच्या पश्चिमेला, कुकडेश्वराच्या परिसरात उगम पावते, पुढे घोडला मिळते, घोड भीमेला. झालं.

आता रांजणखळग्यांकडे येऊ. बेसॉल्टसारखा चिवट दगड नुसत्या पाण्याला दाद देत नाही. पुराच्या पाण्यात भोवरा पडतो आणि वाहत आलेला एखादा गोटा कातळातल्या भेगेत किंवा खोलगट जागी अडकून गरगर फिरू लागतो. तो तळ घासतो, बाजू घासतो आणि स्वतःही झिजून जातो. पुढच्या पुरात नवा गोटा त्याच खळग्यात पडतो. म्हणजे जातं तेच, दळणारे बदलत राहतात! उन्हाळ्यात वाकून पाहिलं तर काही खळग्यांच्या तळाशी हे गुळगुळीत गोटे दिसतात. भिंतींवर वळसे घेत उतरणाऱ्या खोबणी असतात. काहींचं तोंड लहान आणि पोट मोठं. शेजारचे दोन खळगे रुंदावत गेले की मधली भिंत पातळ होते, एके दिवशी ढासळते आणि दोन्ही एक होतात. असे खळगे जुळत जाऊनच इथली अरुंद, खोल घळ वाढली आहे. मी तासन्‌तास हेच बघत बसतो. कोणती भिंत आता पडायला आली आहे, याचा अंदाज बांधत.

‘आशियातले सर्वांत मोठे’ वगैरे बिरुदं या जागेला चिकटवली जातात. मला त्यांचं काडीचं कौतुक नाही. त्यापेक्षा देवळापाशी नारळ विकणाऱ्या आजी बऱ्या. ‘सात बाजांची सुंभं सोडली तरी तळ लागायचा नाही बाबा,’ असं त्यांनी मला ठणकावून सांगितलं होतं. आकडा सोडून द्या, पण कडेला उभ्या राहिलेल्या पोरांना मागे ओढण्याचं काम तो चोख करतो. कातळ शेवाळलेला असतो, खळग्याच्या भिंती सरळ आणि गुळगुळीत. आत पडलेल्याला पोहता येऊनही धरायला काही सापडत नाही. तेव्हा सेल्फी लांबूनच.

वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणं झाल्यापासून नदी पूर्वीसारखी मोकळी राहिली नाही. पुराचा जोर धरणं अडवतात, वरून येणारे गोटेही. त्यामुळे हे कोरीवकाम मंदावलं असणार, असं मला वाटतं. पावसाळ्यात दारं उघडली की सगळे खळगे पाण्याखाली जातात. म्हणून फेब्रुवारी ते मे हा काळ बरा. पण कालव्यांचं, नदीचं आवर्तन सुटलेलं नाही ना, हे निघण्याआधी टाकळीत किंवा निघोजमध्ये कुणाला तरी फोन करून विचारा, आणि चपला नकोत, बूट घाला.