स्पॅनिशमधून विषमतेचा अभ्यास: वाट वर्ध्याहून गेलेली आहे

जबलपूरच्या मराठी मुलामुलींनो, बीए झाल्यावर स्पॅनिशमधून सामाजिक न्याय आणि विषमता या विषयांत परदेशात एमए करता येतं! जमीनवाटप, आदिवासींचे हक्क, विस्थापन यांवर लॅटिन अमेरिकेत अफाट लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं इंग्रजीत आलेलंच नाही. जबलपूरजवळच्या बरगी धरणात दीडशेहून अधिक गावांची जमीन गेली. ते पाहिलेल्या माणसाला हे लेखन परकं वाटणार नाही.

आपल्या माणसाने स्पॅनिश भाषा शंभर वर्षांपूर्वी आपलीशी केली होती. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. वर्धा आणि जबलपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात! १९२४च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मक्यावरही संशोधन केलं. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

स्पॅनिशमधून शिकायला साधारण बी-२ पातळी लागते. डेले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची चौकशी दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्व्हांतेसमध्ये करा. देवनागरीवाल्यांना उच्चार सोपे जातात: जसं लिहिलं, जवळपास तसंच वाचायचं.