ऊन छपरावर, हिशेब घरात

नाशिकच्या कुठल्याही वसाहतीत आज गच्चीवर उभे राहून चौफेर पाहिले, तर पूर्वी जिथे कुरडया-पापड वाळत असत तिथे निळीकाळी पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसलेली दिसतात. सिडकोतल्या लहान घरांपासून गंगापूर रोडच्या बंगल्यांपर्यंत हीच लाट आहे. सकाळी फिरायला निघालेली माणसे भेटली की पूर्वी रक्तातल्या साखरेची चौकशी होई. आता विचारतात, "तुम्हाला किती मिळाले?" म्हणजे अनुदान. "तुम्हाला किती लागते?" हा प्रश्न मात्र मला अजून कोणी विचारलेला नाही.

योजना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्य घर : मोफत बिजली योजना' जाहीर केली. ७५ हजार कोटींवर तरतूद, एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि २०२६-२७ पर्यंतची मुदत असा तिचा पसारा. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. त्यापुढे कितीही पॅनेल बसवा, आकडा तोच. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करायचा, नोंदणीकृत विक्रेत्याकडून देशी बनावटीची पॅनेल बसवून घ्यायची, वीज कंपनीने पाहणी करून नेट मीटर लावले की अनुदान थेट बँक खात्यात. मध्ये दलाल नाही, साहेबांच्या टेबलावर अडकलेली फाईल नाही. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटल्याखेरीज राहत नाही.

आमच्याकडे पाहणीला आलेला एजन्सीचा मुलगा हुशार आणि अदबशीर होता. गच्ची टेपने मोजली, पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या आंब्याची सावली कुठवर येते ते पाहिले, मोबाईलवर फोटो काढले आणि वीस मिनिटांत म्हणाला, "काका, तीन किलोवॅट टाकून घ्या. सगळे तेच टाकतात, पूर्ण सबसिडी बसते." चहा घेऊन गेला. आमच्या घरात पंखे किती, फ्रिज कोणत्या सालचा, रात्री काय चालू असते, हे त्याने विचारले नाही, आणि विचारायला त्याला कोणी सांगितलेलेही नाही. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर दहा किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीशिवाय मान्य झाल्याचे धरले जाते. विलंब टाळण्यासाठी हे योग्यच झाले. पण त्यामुळे तपासणी होते ती छपराची, छपराखालच्या घराची होत नाही.

मला इथे म्हशी आठवतात. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला, आणि माझ्यासारखे नवे अधिकारी पेठ-दिंडोरीकडच्या शाखांत म्हशींची कर्जे वाटू लागले. लहान शेतकऱ्याला २५ टक्के अनुदान, अल्पभूधारकाला एक तृतीयांश, आदिवासी कुटुंबाला निम्मे. एकच म्हैस तीन गोठ्यांत उभी राहते, हा त्या काळच्या बँकांतला नेहमीचा विनोद. विनोद सोडा, पण ज्या घरात म्हैस खरोखर टिकली ती घरे कोणती, हे मी पाहिलेले आहे. चारा कुठून आणणार, उन्हाळ्यात पाणी किती लांब, दूध घालायचे कुठे, असे प्रश्न कोणीतरी आधी विचारलेली ती घरे. बाकीच्यांनी अनुदान मोजले होते, गरज मोजली नव्हती. १९९९ मध्ये तो कार्यक्रम दुसऱ्या योजनेत विलीन झाला. सवय मात्र कुठल्याच योजनेत विलीन होत नाही.

अमेरिकेत हे काम रीतसर होते. तिथे घराची ऊर्जातपासणी करणारा माणूस दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतो आणि कोणत्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते ते कॅमेऱ्यावर दाखवतो. अशा तपासणीच्या खर्चाचा तीस टक्के भाग, कमाल दीडशे डॉलर, २०२२ च्या कायद्याने प्राप्तिकरात वजा मिळत असे. ती सवलत २०२५ अखेर संपली. आपल्याला त्या पंख्याचा उपयोग नाही. आपण खिडक्या उघड्या ठेवून राहणारी माणसे. आपल्या फटी भिंतीत नसतात, स्विचबोर्डात असतात.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ऊर्जा दक्षता ब्युरो २००२ चा, उपकरणांवरचे तारे २००६ पासूनचे. छताच्या पंख्यांना ताऱ्यांची सक्ती २०२३ मध्ये आली. घरांच्या भिंती, छपरे आणि खिडक्या कशा असाव्यात याची 'इको निवास संहिता' २०१८ मध्ये निघाली, पण ती नव्या बांधकामांसाठी. मोठ्या कारखान्यांना प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक बोलवावा लागतो. आपल्या राहत्या घरी मात्र असा कोणी येत नाही. आणि गंमत अशी, की वीज वाचवण्याच्या प्रयोगात आपले नाशिक एकदा पुढे होते. भारनियमनाच्या दिवसांत, २००५ च्या सुमारास, नव्याने वेगळ्या झालेल्या महावितरणने सीएफएल दिव्यांची प्रायोगिक योजना नाशिक भागातच राबवली होती. दिवा आज घ्यायचा आणि किंमत बिलातून हप्त्याने फेडायची. २०१५ च्या 'उजाला' योजनेतले स्वस्त एलईडी दिवे तर घरोघर पोचले. त्या योजना वीज न वापरण्यासाठी होत्या, आताचे अनुदान वीज तयार करण्यासाठी आहे. एकलहऱ्याच्या धुराड्यांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण वाचलेले युनिट आणि गच्चीवर पिकलेले युनिट दोन्ही तितकाच कोळसा शिल्लक ठेवतात.

"दुसऱ्यांच्या म्हशी मोजल्यात ना, आता घरातले पंखे मोजा," असे सौ. म्हणाली, आणि एक रविवार त्यात गेला. वाचकांपैकी कोणाला करून पाहायचे असेल तर यासाठी विकत काही आणावे लागत नाही. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्याची बारा महिन्यांची सरासरी काढायची. आमची २५० युनिटे निघाली. मग मीटरपाशी जायचे. तिथे एक तांबडा दिवा लुकलुकतो. किती लुकलुकींना एक युनिट, तो आकडा मीटरवरच असतो; आमच्यावर ३२०० आहे. घरातली सगळी बटणे बंद करून एकच वस्तू चालू ठेवायची आणि दोन लुकलुकींत किती सेकंद गेले ते घड्याळावर मोजायचे. आमच्या मीटरला ११२५ ला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना आधी त्या आकड्याने भागून घ्या.

सगळे बंद केल्यावर दिवा थांबायला हवा होता. तो थांबला नाही. दर पाऊण मिनिटाला एकदा, शांतपणे लुकलुकत राहिला. म्हणजे २५ वॅट. शोध घेता माळ्याखालचा इन्व्हर्टर सापडला, भारनियमनाच्या काळातला. वीज जाण्याची वाट पाहत तो वर्षानुवर्षे बॅटरीला दूध पाजत बसला होता. २५ वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण चोवीस तास आणि तीस दिवस धरले की १८ युनिटे होतात. दिवाणखान्यातल्या जुन्या पंख्याला १५ सेकंद लागले, म्हणजे ७५ वॅट. शेजाऱ्यांकडचा नवा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी ३० वॅटच्या आसपास घेतो. आमचे तीन पंखे मिळून दिवसाला २८ तास फिरतात. बदलले तर महिन्याला ३८ युनिटे वाचतात. सतरा वर्षांचा फ्रिज एका रात्री एकटाच चालू ठेवला, आठ तासांत अर्ध्याहून जास्त युनिट खाल्ले. म्हणजे महिन्याला पन्नासच्या घरात. चांगल्या ताऱ्यांचा नवा फ्रिज याच्या निम्म्यात भागवतो. गिझरला मी हात लावला नाही. निफाडचा पारा खाली घसरला की नाशिकात सकाळी गरम पाण्याशिवाय कोणाचेही तत्त्वज्ञान चालत नाही.

बेरीज केली तेव्हा चित्र बदलले. २५० तून ऐंशीएक युनिटे वजा जातात आणि उरतात १७०. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिटे देतो, म्हणजे दोन किलोवॅट महिन्याला २४०. तिसऱ्या किलोवॅटचा आम्हाला सांगितलेला जादा खर्च पन्नास हजारांच्या पुढे होता आणि त्यावरचे अनुदान अठरा हजार. तीन पंखे नऊ-दहा हजारांत येतात. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, उद्या एसी घ्याल, विजेची स्कूटर घ्याल, तेव्हा लागेल." त्याचे म्हणणे खोटे नाही, तरुण कुटुंबाने तसाच विचार करावा. पण आमच्या वयात स्कूटर येण्याचा संभव कमी, आणि वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण मोजतो त्या दराच्या जवळपासही नसतो. आम्ही दोन किलोवॅटचा अर्ज केला.

हे सगळे ज्यांना छप्पर आहे त्यांचे. माझी धाकटी बहीण नाशिकरोडला चौथ्या मजल्यावर एकटी राहते, कुटुंब निवृत्तिवेतनावर. गच्ची सोसायटीची. सोसायटीला लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे अठरा हजार मिळू शकतात, पण त्यासाठी सर्वसाधारण सभेत एकमत व्हावे लागते, आणि तिथे अजून पार्किंगचा विषय संपलेला नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची पुरवणी योजना आणली. दारिद्र्यरेषेखालची घरे आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेली घरे यांना एक किलोवॅटसाठी जादा मदत देणारी ही योजना. कोण किती वीज वापरतो इकडे पाहणारे असे अनुदान विरळाच. पण तिलाही गच्ची हवीच.

बहिणीचा वापर महिन्याला १३० च्या आसपास. शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि १०१ व्या युनिटापासून जवळजवळ दुप्पट, ही आपली पायरी. शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही, फक्त वरच्या तीसांना लागतो. पण एकट्या बाईच्या महिन्याच्या हिशेबात ती तीस युनिटेच बोचतात. मीटर तळमजल्यावर, बहीण चौथ्यावर. तेव्हा ती बटणे बंद करी आणि मी खाली उभा राहून फोनवर सेकंद सांगे. वॉचमन संशयाने पाहत होता.

तिच्याकडे इन्व्हर्टर नव्हता. पंखे दोनच, त्यातला एक फार फिरणारा, तो बदलायचे ठरले. मग फ्रिजच्या दारात दहाची नोट अर्धी आत अर्धी बाहेर धरून दार लावले. रबर धड असेल तर नोट ओढावी लागते. ती ओढण्याआधीच खाली पडली. "दादा, दोन वर्षं हे दार असंच आहे," ती म्हणाली, "मला वाटायचं, आवाज करतं म्हणजे चांगलं चाललंय." फ्रिज तसा ठीक आहे, फक्त रबर गेले आहे. ते बदलणारा माणूस देवळाली गावातून बुधवारी यायचा आहे.