खाडीच्या तोंडावरचा हिशोब

फ्लुइड मेकॅनिक्सचा 'ओपन चॅनल फ्लो' ऑप्शनला टाकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कोकणातल्या तांडेलाला मात्र तो प्रश्न कम्पल्सरी असतो! छोटी होडी खाडीतून समुद्रात काढायची तर तोंडाशी साचलेला वाळूचा दांडा ओलांडावाच लागतो. होडी उलटायची भीती सगळ्यात जास्त तिथंच, किनारा डोळ्यांसमोर असताना.

हा दांडा होतो कसा? नदी गाळ आणते, लाटा वाळू ढकलतात, आणि तोंडाशी प्रवाहाचा वेग पडला की सगळं तिथंच बसतं. गोव्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ असाच दांडा आहे. पावसाळ्यात ती वाट बंद होते. म्हणून खनिजाच्या बार्ज त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात. बार्जची ही कथा, तर १८-२० फुटी होडीचं काय!

आता गणित. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.८ पट झाली की लाट फुटते. समजा, दांड्यावर ओहोटीला दीड मीटर पाणी आहे, तर सव्वा मीटरची लाट तिथं फुटणारच. भरतीला तिथंच साडेतीन मीटर पाणी झालं, की तीच लाट होडीखालून निमूट निघून जाते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, लाटा आत येतात. समोरासमोर गाठ पडली की लाट आखूड आणि उंच होते, भिंतीसारखी उभी राहते. थिअरीप्रमाणे उलट्या प्रवाहाचा वेग लाटेच्या खोल पाण्यातल्या वेगाच्या पाव झाला की लाट पुढे सरकूच शकत नाही. ४ सेकंदांच्या लाटेचा वेग सेकंदाला ६.२ मीटर, म्हणजे दीड-पावणेदोन मीटरची ओढ पुरे. वारा तोच असला तरी सकाळची सोपी वाट दुपारी बिकट होते, ती यामुळे.

म्हणून भरतीची अखेर गाठायची. त्यासाठी जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ३ वाजता भरती पूर्ण, अष्टमीला ६ वाजता. (भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, त्याचंच हे पाठांतर. अंदाजापुरतं ठीक, नक्की वेळ तक्त्यात बघावी.)

निघण्याआधी आतच थांबून लाटा बघायच्या. मोठ्या लाटा घोळक्यानं येतात, मग थोडी उसंत मिळते. लाइफ जॅकेट तेव्हाच अंगात, होडीतलं पाणी उपसलेलं. उसंत मिळाली की निघायचं, नाळ लाटेकडे ठेवायची आणि माथ्यावर इंजिन जरा कमी करायचं, नाहीतर होडी पलीकडे आदळते. मध्येच वळायचं नाही. आडव्या होडीला एक लाट पुरते.

परत येणं तर याहून अवघड, कारण लाट पाठीमागून येते. अडीच मीटर खोलीवर तिचा वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर. लहान इंजिनाची भरलेली होडी मागे पडते. लाटेनं मागची बाजू उचलली, नाळ पाण्यात घुसली, की होडी गर्रकन आडवी होते. सुकाणूला फेसात पकडही मिळत नाही. होडीला वेग असेल तर पुढच्या लाटेच्या पाठीवर राहायचं, तिचा माथा ओलांडायचा नाही. तेवढा वेग नसेल तर बाहेर खोल पाण्यात पुढच्या भरतीची वाट बघायची. त्या पाच-सहा तासांसाठी जास्तीचं पेट्रोल आणि प्यायचं पाणी निघतानाच होडीत टाकलेलं असावं लागतं.