अकरा माणसांचें माथेरान

सुटीचा बेत आमच्या घरीं दिवाळीच्या फराळाबरोबर शिजूं लागतो आणि बहुतेक वर्षीं फराळाबरोबरच संपतो. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरांत आम्ही अकरा माणसें आहोंत. अकरा माणसांच्या अकरा आवडी. त्यांत मुलांच्या परीक्षा, पुरुषांच्या रजा, आणि बायकांच्या मनांतली एक न बोललेली शंका, कीं तेथें जाऊनहि पोळ्या आपणच लाटावयाच्या असतील तर त्या येथें काय वाईट लाटल्या जातात! कोणी हिमालयाचें नांव काढतो, कोणी महाबळेश्वराचें. मामंजी एकदां पंचांग पाहतात, एकदां बँकेचें पुस्तक पाहतात आणि दोन्ही मिटून ठेवतात.

गेल्या हिवाळ्यांत मात्र बेत तडीस गेला. जागा ठरली माथेरान. ठाण्याहून तें इतकें जवळ आहे कीं तेथें जाण्यास बेत तो कशाला, असें म्हणणारीं घरेंच बहुधा तेथें गेलेलीं नसतात.

बोलणें चाललें होतें तेव्हां काकू वाती वळीत बसल्या होत्या. काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. वय ७९, गुडघे दोन्ही गेलेले, बाकी सर्व शाबूत. ‘काकू, तुम्हांला काय वाटतें?’ असें मीं सहज विचारलें. त्या म्हणाल्या, ‘माथेरान मीं पाहिलें आहे. १९६९ सालच्या मे महिन्यांत गेलों होतों. आठ दिवस, सतरा माणसें. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला होती.’ एवढें बोलून त्यांनीं पुढचा कापूस हातीं घेतला.

नंतर कांहीं वेळ हिमालयाचें नांव कोणीं काढलें नाहीं.

आपल्याकडे सहलीचा बेत ज्याचे पाय सर्वांत धट्टेकट्टे तो आंखतो. उरलेलीं माणसें त्याच्या मागून फरफटत जातात, किंवा ‘घराला कुलूप नको’ म्हणून मागें राहतात. आम्हीं या खेपेस उलट बाजूनें आरंभ केला. काकूंना जें जमेल तेवढेंच सर्वांनीं करावयाचें, आणि ज्याला अधिक हवें त्यानें तें फावल्या वेळांत आपल्या पायांनीं मिळवावें, असें ठरलें. काकूंना हें पसंत नव्हतें. ‘मला उचलून नेणारे चौघे एकदांच लागावयाचे आहेत, त्यांना आतांपासून कशाला शिणवतां?’ असें त्या म्हणाल्या. त्यांचें हें बोलणें पुढें फार उपयोगीं पडलें, तें ओघानें येईलच.

माथेरानचें आणि ठाण्याचें नातें जुनें आहे. आमच्या घरापासून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर कोर्ट नाक्याला कलेक्टर कचेरी आहे. १८५० सालच्या मे महिन्यांत ठाण्याचा त्या वेळचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा पायथ्याच्या चौक गांवाकडून हा डोंगर चढून गेला आणि वरची दाट सावली व गार वारा पाहून लुब्ध झाला. त्यानें पुढें तेथें घर बांधलें. १८५५ सालीं गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, आणि मग बंगल्यांची रीघ लागली. मॅलेटनें माथेरान ‘शोधून काढलें’ असें पुस्तकांतून लिहितात. धनगर, ठाकर आणि कातकरी त्या रानांत पूर्वींपासून वावरत होते, आणि नांव तर शुद्ध मराठी, माथ्यावरचें रान! साहेबानें नेमकें काय शोधलें हें मामंजींना आजवर उमगलेलें नाहीं. डोंगरावर जाणारी दोन फूट रुंदीची रेल्वे मात्र एका हिंदी माणसानें उभी केली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं वडिलांच्या पैशावर हें काम अंगावर घेतलें आणि १९०७ सालीं नेरळहून गाडी वर जाऊं लागली. मार्ग २१ किलोमीटरांचा, आणि वर पोहोंचतां आपण समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच असतों.

ठाण्याहून कर्जतची लोकल धरावी. सकाळीं सारी गर्दी मुंबईकडे लोटत असते आणि आपण उलट दिशेनें जात असतों, त्यामुळें म्हाताऱ्या माणसांनाहि जागा मिळते. बसावें उजव्या हातच्या खिडकीशीं. बदलापूर मागें पडलें म्हणजे त्या बाजूस डोंगरांची रांग लागते, वांगणीच्या सुमारास चंदेरीचा सुळका दिसतो, आणि मुलें ‘आलें का, आलें का’ म्हणून विचारूं लागतात तोंच शेलूनंतर नेरळ येतें. घरापासून येथवर कांहींच कठीण नाहीं.

कठीण आहे तें पुढेंच. माथेरानांत मोटारी जात नाहींत. नेरळहून टॅक्सी निघते ती दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून बाजार सुमारें अडीच किलोमीटर. धडधाकट माणसाला ती झाडांच्या सावलींतली गोड वाट आहे. काकूंच्या गुडघ्यांना तीच वाट म्हणजे काशीयात्रा. घोडा त्यांच्या वयाला नको. राहिली हातरिक्षा. वर्षानुवर्षें म्हाताऱ्याकोताऱ्यांना डोंगरावर माणसेंच ओढून नेत आलीं आहेत; एक पुढें ओढतो, दुसरे मागून ढकलतात, आणि तांबड्या चढावर त्यांचा धापेचा आवाज बसलेल्या माणसाच्या कानीं पडत राहतो. काकूंना मीं हा मार्ग सुचविला तेव्हां त्यांनीं वर सांगितलेलें चौघांचें बोलणें पुन्हां ऐकविलें. ‘जिवंतपणीं कोणाच्या खांद्याला भार व्हावयाचें नाहीं,’ यापलीकडे त्या कांहीं बोलावयास तयार नव्हत्या. भाऊजींनीं वाद घातला, कीं त्या माणसांचें पोट त्यावर चालतें. तेंहि खोटें नव्हे. परंतु २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंच माणसानें माणसास ओढण्याची ही प्रथा माथेरानांतून सहा महिन्यांत बंद करावी आणि ओढणाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या रिक्षा द्याव्या असा आदेश दिला. काकू आणि न्यायालय यांचें एकमत झाल्यावर भाऊजींनीं माघार घेतली. आतां कोणीहि हातरिक्षा गृहीत धरून बेत आंखूं नये.

उरली गाडी. ती माथेरानच्या बाजारांतच नेऊन सोडते, आणि मध्यें कोठें उतरावें लागत नाहीं. म्हणून आमच्या बेताचा खुंटा आम्हीं या गाडीलाच बांधला. हिचा स्वभाव मात्र ओळखून असावें. २००५ सालच्या जुलैच्या अतिवृष्टींत हिचा मार्ग वाहून गेला, तो पुन्हां बांधून गाडी २००७ सालीं चालूं झाली. २०१६ सालीं डबे घसरल्यामुळें बंद पडली. २०१९ च्या पावसानें पुन्हां घात केला आणि नेरळपासून थेट वर जाणारी गाडी २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली. दर वर्षीं पावसाळाभर नेरळ ते अमन लॉज हा भाग बंदच असतो. वरच्या वर अमन लॉज ते माथेरान एवढी फेरी चालते. तेव्हां निघण्याच्या आदल्या दिवशीं चौकशी करावी, आणि गाडी नसली तर टॅक्सीनें दस्तुरीपर्यंत जाऊन जवळच्या अमन लॉजहून ही छोटी फेरी धरावी. डबे थोडे व जागा मोजक्या असल्यामुळें अकराहि जणांनीं गाडीचा हट्ट धरला असता तर कोणीच गेलें नसतें. भाऊजी पहाटेच्या लोकलनें पुढें जाऊन नेरळच्या खिडकीशीं उभे राहिले. पांच तिकिटें मिळालीं. त्यांवर मामंजी, सासूबाई, काकू, मी आणि धाकटा असे गेलों. बाकीचे दस्तुरीहून चालत आले आणि आमच्या आधीं पोहोंचले, कारण ही गाडी डोंगराला वळसे घेत दोन-अडीच तास रमतगमत जाते. वाटेंत एक लहानसा बोगदा आहे; त्याला साहेबलोकांनीं दिलेलें नांव वडीलधाऱ्यांसमोर सांगण्याजोगें नाहीं. धाकट्यानें तें पाटीवर वाचून मोठ्यानें सांगितलें.

दिवस कोणते निवडावे, याला आम्हीं पंचांग लावलें. शुद्ध द्वादशीस निघावें आणि पौर्णिमेस परतावें. मध्यें काकूंची एकादशी येत नाहीं, सासूबाईंची संकष्टी येत नाहीं, आणि रात्रीं चांदणें फुकट मिळतें. शिवाय शनिवार-रविवार टळतील असें पाहावें. त्या दोन दिवसांत सारी मुंबई वर लोटते. मुलांच्या शाळेंत तीन दिवसांची रजा मागितली, ती कांहीं पाप नव्हे.

खरा वाद झाला तो स्वयंपाकावर. मामंजींना बाहेरचें अन्न सोसत नाहीं. त्यांनीं यादीच केली होती: तांदूळ, डाळ, कणीक, तूप, शेगडी, दोन पातेलीं. यादी वाचून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘आणि या शेगडीपाशीं कोण बसणार, तें नांव यादींत दिसत नाहीं.’ मामंजी न्यायी माणूस आहेत. त्यांनीं यादी फाडली. मग आम्हीं बाजाराजवळचें, स्टेशनापासून दोनशे पावलांवरचें साधेंसें उतरण्याचें ठिकाण शोधलें आणि आगाऊ फोनवर बोलून घेतलें, कीं वरणभात, एक पालेभाजी, पोळी, ताक, कांदालसूण वेगळें, तिखट बेताचें. खर्च शेगडीच्या हिशेबाहून जास्त आला. जाऊबाईंनीं तो आपल्या भिशींतून भरण्याची तयारी दाखविली, तेव्हां भावाभावांना जरा लाज वाटली आणि त्यांनींच वांटून घेतला.

बरोबर नेले ते फक्त वाटेचे जिन्नस: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, गूळपापडी. ते झांकणाच्या डब्यांतच न्यावे. माथेरानचीं माकडें पिशवी ओळखतात. आमच्या पुतणीच्या हातांतली गूळपापडी एकानें अशा सभ्यपणें काढून घेतली कीं तिला वाटलें त्यानें मागितलीच. सामानांत पांढरा कपडा नको, तांबडी माती तो पुन्हां पांढरा होऊं देत नाहीं. शाल, बॅटरी, म्हाताऱ्यांचीं नेहमींचीं औषधें दोन दिवस जास्तीचीं. वर दवाखाना आहे, पण लहान.

पाहण्याचीं ठिकाणें तिसांच्या वर आहेत आणि घोडेवाले तीं सर्व एका दिवसांत दाखविण्यास तयार असतात. त्यांच्या नादीं लागूं नये. मुलांनीं लुईझा पॉइंटावरून समोरचा प्रबळगड पाहिला, शार्लट तलावाच्या कांठीं पिसरनाथाचें दर्शन घेतलें. मामंजींनीं त्यांना भाई कोतवालांची हकीकत सांगितली: याच माथेरानांत १९१२ सालीं जन्मलेले, वकील झालेले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळीस बळी पडलेले. काकूंसाठीं आम्हीं बाजारापासून जवळचा खंडाळा पॉइंट ठेविला होता. जातांना वाटेंत चार वेळां बसलों. तेवढ्या वाटेला पाऊण तास लागला. कठड्याशीं उभ्या राहून त्या कितीतरी वेळ खालीं पाहत होत्या. ‘हें एवढें जवळ होतें?’ असें त्यांनीं विचारलें.

पण पहिल्याच रात्रींचें सांगावयाचें राहिलें. पानें मांडलीं, तशा काकू संवयीनें उठून आंतल्या बाजूस निघाल्या. मीं हात धरून त्यांना बसविलें. वाढणारा मुलगा आला, त्यानें भात वाढला, वर वरण वाढलें, तूप सोडलें. काकू त्याच्या हाताकडे एकटक पाहत होत्या. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, ‘वरणाला हिंग कमी पडला आहे.’

आणि आणखी भात मागितला.