ईस्टरचं अंडं घेताना खोकं उलटं करून बघा

ईस्टर जवळ आला की दुकानं चकचकीत वर्खातल्या चॉकलेटच्या अंड्यांनी भरून जातात. मी पक्की चॉकलेटवेडी, तरी आधी खोक्याची मागची बाजू वाचते.

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. कोयत्यानं फळ फोडायचं, पांढऱ्या गरातल्या बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. तो कोयता कित्येकदा लहान पोराच्या हातात असतो. घातक बालमजुरी संपवू, असा करार बड्या कंपन्यांनी २००१ मध्ये केला. २०२०च्या अहवालात या दोन देशांत कोकोच्या कामाला जुंपलेली मुलं भरली सुमारे १५ लाख ६० हजार!

मग घ्यायचं काय? ‘फेअरट्रेड’चं चिन्ह बघा: कोकोला किमान भाव, वर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला जादा रक्कम, म्हणजे प्रीमियम. चिन्हाशेजारी बाण असेल तर मागचा मजकूर वाचा. फेअरट्रेडचा कोको साध्या कोकोत मिसळलेला असू शकतो, हिशेब फक्त कागदावर जुळतो. माझं आवडतं ‘डिव्हाइन’. त्या कंपनीत घानाच्या ‘कुआपा कोकू’ या शेतकरी सहकारी संस्थेचा वाटा आहे. साखर कारखान्याच्या सभासदाला हे वेगळं समजवायला नको. ‘टोनीज चोकोलोनली’च्या वडीचे तुकडे मुद्दाम लहानमोठे, कारण या धंद्यातली वाटणीही तशीच. घरात त्यावरून भांडणं होतात, तो भाग वेगळा.

आणि नुसतं ‘सस्टेनेबल’ छापलंय, पण कुणी तपासलं ते कुठेच नाही? खुशाल परत फळीवर ठेवा.