दगडातला दरवळ

पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीच्या वासाला आपल्याकडे ‘मृद्गंध’ हा शब्द आहे. इंग्रजीला मात्र १९६४ सालापर्यंत थांबावे लागले. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये ‘पेट्रिकोर’ हा शब्द मांडला. ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे दगड, ‘आयकोर’ म्हणजे देवांच्या अंगातले रक्त! कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेले दगडमातीत मुरतात आणि सरीबरोबर दरवळतात. मला हा शब्द आवडतो तो त्यातल्या अटीमुळे. श्रावणातल्या चिखलाला तो लावता येत नाही. आधी उन्हाळा सोसलेला हवा. कनौजचे अत्तरवाले हाच वास कुपीत भरतात. आपला ‘मृद्गंध’ मात्र कवितेच्या पुस्तकात बंद राहू नये. पहिली सर आली की खिडकी उघडा आणि मुलांना तो शब्द सांगा.