मातीवाचून वाढणारी झाडे

दुसऱ्याच्या आश्रयाने राहणारा प्रत्येक जण त्याचे अन्न खातोच असे नाही. आंब्याच्या फांदीवर माजणारे बांडगूळ आपली मुळे आत रोवून तिचा रस शोषते. परंतु त्याच फांदीवरची आमरी तिच्याकडून बसावयास जागा तेवढी घेते. पाणी ती पावसाचे व दवाचे पिते, आणि सालीच्या भेगांत साचलेल्या पाल्यावर निर्वाह करते. अशा झाडांस शास्त्रज्ञ अपिवनस्पती म्हणतात.

सह्याद्रीच्या रानांत यांच्या कितीतरी जाती आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळट ठिपक्यांच्या फुलांचे लांब घोस खाली सोडणारी ‘सीतेची वेणी’ ही त्यांतील एक. हीच आसामात ‘कपौ फूल’ म्हणून बिहूच्या सणास स्त्रियांच्या केसांत शोभते, आणि त्या राज्याचे ती मानचिन्ह आहे. दुसरे ‘बाशिंग’ नावाचे नेचे. त्याची काही पाने तपकिरी व कागदासारखी होऊन बुंध्याशी चिकटून राहतात, आणि गळालेला पाला झेलून आपल्याच मुळांसाठी खत तयार करतात.

घरी ही झाडे बहुधा अतिप्रेमाने मरतात. आमरीच्या मुळांवर मृत पेशींचे पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी चटकन टिपते व हिरवट दिसू लागते. वाळले की पुन्हा रुपेरी होते. कुंडीत माती भरून रोज पाणी घातल्यास या मुळांस वारा मिळत नाही व ती कुजतात. म्हणून नारळाची शेंडी, कोळशाचे व विटांचे तुकडे भोके असलेल्या टोपलीत घालावेत, किंवा रोप सुतळीने ओंडक्यास बांधावे. मुळे रुपेरी झाली म्हणजेच पाणी द्यावे.

इगतपुरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील एकलहऱ्याकडे त्या मानाने फारच थोडा. तेव्हा येथे चैत्र-वैशाखात टोपली पूर्वेच्या ओसरीत, दुपारच्या उन्हापासून दूर टांगावी. सकाळी पाणी शिंपडावे, आणि खाली पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. विहिरीचे पाणी जड असल्यास मुळांवर क्षारांचा थर बसतो. पावसाचे साठविलेले पाणी उत्तम.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. सहलीहून परतताना रानातील आमरी उपटून आणू नये. तिचे बी धुळीइतके सूक्ष्म असते. त्यात अन्नाचा साठा नसल्याने विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्यावाचून ते रानात रुजत नाही, आणि रुजल्यावरही फूल येण्यास कित्येक वर्षे जातात. लुइस नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ साली साखर मिसळलेल्या पोषक खळीवर, बुरशीवाचून, हे बी रुजवून दाखविले. त्यामुळेच आज रोपवाटिकांत प्रयोगशाळेत वाढविलेली आमरी सहज मिळते. ती आणावी. मुलांनी रानातील फूल रानातच पाहावे व घरचे रोप हाताने वाढवावे, यात दोन्हीकडची शोभा टिकेल.